आपल्या पायांवर, आपल्या जबाबदारीवर: खंडोखंडीच्या वाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या झेंड्यामागून न जाता, स्वतः आखणी करून, सॅक पाठीवर टाकून दूरदूरच्या डोंगरांत चालायला निघणारे लोक फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उत्तरांतली मतं माझी आहेत. नियम त्या त्या डोंगराचे आहेत आणि ते बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी ताजे नियम एकदा स्वतः वाचून घ्या.

स्वतंत्र भटकंती म्हणजे गाईडशिवाय, एकट्याने जाणं का?

नाही. प्रश्न एवढाच असतो की निर्णय कोण घेतंय. किती वाजता निघायचं, मुक्काम कुठे टाकायचा, ढग भरून आले तर थांबायचं की रेटायचं, हे तुम्ही ठरवत असाल तर सोबत गाईड असला काय आणि नसला काय, भटकंती तुमचीच. याउलट वाटेची सगळी माहिती मित्राच्या फोनमध्ये आहे आणि तुम्ही नुसते त्याच्या टाचा बघत चालला आहात, तर गाईड नसूनही तुम्ही सहलीलाच आलेले आहात.

शिवाय पुष्कळ ठिकाणी हे तुमच्या हातात नसतंच. टांझानियातल्या किलिमांजारोवर (५८९५ मी.) १९९१पासून नोंदणीकृत गाईडशिवाय चढता येत नाही. पेरूतली इंका ट्रेल परवानाधारक संस्थेमार्फतच करावी लागते. बोर्निओतल्या किनाबालूवर (४०९५ मी.) गाईड सक्तीचा आहे. मोरोक्कोत तुबकालच्या (४१६७ मी.) परिसरात डिसेंबर २०१८मध्ये दोन तरुणींची हत्या झाली, आणि त्यानंतर वाटेवरच्या चौक्यांवर गाईड आहे की नाही हे पाहिलं जाऊ लागलं. इथिओपियाच्या सिमिएन डोंगरात बंदूकधारी स्काउट सोबत घ्यावा लागतो. नेपाळने १ एप्रिल २०२३पासून ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केला, पण एव्हरेस्टच्या खुंबू भागात स्थानिक प्रशासनाने तो नियम लावला नाही, म्हणजे एकाच देशात दोन तऱ्हा.

गाईड घ्यावाच लागणार असेल तर तो चांगला घ्या आणि त्याच्याशी आधी बोला. चढाईचे दिवस किती, पोर्टरच्या पाठीवर वजन किती, कुणी आजारी पडलं तर खाली कोण उतरवणार, हे तीन प्रश्न विचारले की माणूस कसा आहे ते कळतं. किलिमांजारोवर पोर्टरच्या ओझ्याची मर्यादा २० किलो आहे. हा आकडा तुम्हाला ठाऊक आहे एवढं दिसलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

परवाने किती आधी काढायचे?

वाटेवर अवलंबून आहे. इंका ट्रेलवर दिवसाला ५०० माणसांना प्रवेश असतो, पण त्यात गाईड आणि पोर्टरही धरलेले असतात, त्यामुळे चालणाऱ्यांच्या वाट्याला साधारण दोनशेच जागा येतात. मे ते ऑगस्टच्या तारखा कित्येक महिने आधीच भरतात, आणि फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. न्यूझीलंडची मिलफर्ड ट्रॅक (५३.५ किमी) हंगामात एकाच दिशेने चालायची, दिवसाला ४० स्वतंत्र चालणारे, तीन रात्री ठरलेल्या तीन झोपड्यांत. तिथे उशिरा निघून मधेच कुठे तंबू टाकू असं चालत नाही, तंबूला परवानगीच नाही. दक्षिण आफ्रिकेची ऑटर ट्रेल त्याहून अवघड: दिवसाला फक्त १२ जण. अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (४२६५ किमी) मेक्सिकोच्या सीमेकडून सुरू करायची तर दिवसाला ५० परवाने. चिलीतल्या तोरेस देल पाइने उद्यानात प्रत्येक रात्रीच्या कॅम्पचं आरक्षण आधी दाखवावं लागतं, आणि ते एकाच ठिकाणी मिळत नाही. वेगवेगळे कॅम्प वेगवेगळे लोक चालवतात, तेव्हा पहिल्या रात्रीची जागा मिळाली आणि दुसरीची नाही, असं होतं. ही तारखांची जुळवाजुळव करताना मला स्वतःला चालण्यापेक्षा जास्त दमायला झालं होतं.

एक बारीक गोष्ट. इंका ट्रेलचा परवाना पासपोर्ट क्रमांकावर निघतो आणि दुसऱ्याच्या नावावर होत नाही. माझ्या सोबतच्या एकाने मधल्या काळात पासपोर्ट नवा करून घेतला. जुनाही जवळ ठेवला होता म्हणून निभावलं.

सगळीकडे एवढं सोवळं नाही. माचू पिचूकडेच जाणाऱ्या सालकांताय मार्गाला इंका ट्रेलसारखा कोटा नाही, आणि युरोपातल्या बहुतेक लांब वाटांना परवानाच लागत नाही, तिथे अडतं ते झोपायच्या जागेवर.

पहिलीच लांब वाट म्हणून कोणती निवडावी?

जिथे चूक झाली तर महागात पडत नाही अशी. म्हणजे वाट खुणांची, दर काही तासांनी वस्ती, रात्री छप्पर, आणि कंटाळा आला तर बस पकडून निघता येईल.

या मापाने स्पेनची कामिनो ही यात्रेकरूंची वाट सगळ्यात सोपी शाळा आहे. फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोर इथून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किमी आहे, पण ती सगळी चालायची सक्ती नाही. पायी किमान १०० किमी केले आणि यात्रेकरूच्या पुस्तिकेत शिक्के घेतले की प्रमाणपत्र मिळतं, सायकलवाल्यांना २०० किमी. पिवळ्या बाणांमागून चालायचं, वाटेत यात्रेकरूंच्या धर्मशाळा. डोंगरात भटकणाऱ्यांना ती फार डांबरी वाटते, आणि ते खरंही आहे. पण रोज वीस-पंचवीस किलोमीटर, सलग दहा दिवस चालल्यावर आपले गुडघे, टाचा आणि स्वभाव काय म्हणतात हे तिथे कळतं.

थोडं रांगडं हवं असेल तर स्कॉटलंडची वेस्ट हायलंड वे (१५४ किमी). जंगल, देवळं आणि चढउतार एकत्र हवे असतील तर जपानची कुमानो कोदो. टूर द्यु माँ ब्लाँ, म्हणजे आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगराची फेरी, तिसऱ्या पायरीवर ठेवा: तीन देश, सुमारे १७० किमी आणि एकूण चढ दहा हजार मीटरच्या आसपास. रोज एक खिंड चढायची आणि पलीकडे तेवढंच उतरायचं, असे दहा-अकरा दिवस.

एव्हरेस्ट बेस कॅम्पने सुरुवात करू नका, असं माझं मत. वाट अवघड नाही, उंची अवघड आहे, आणि आपल्या शरीराची भाषा कळायच्या आत त्या उंचीवर जाऊन बसण्यात अर्थ नाही.

कोणत्या महिन्यात कुठे जावं?

नेपाळ: ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे. आल्प्स: जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पण उंच खिंडींत जुलै उजाडेपर्यंत बर्फ असतं. आइसलंडची लाउगावेगुर (५५ किमी): जूनअखेर ते सप्टेंबरची सुरुवात. फुजी (३७७६ मी.): जुलै ते सप्टेंबरची सुरुवात. किलिमांजारो: जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर, मधला मार्च ते मे धो धो पावसाचा. न्यूझीलंड: ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. हिवाळ्यात हिमकडे कोसळून वाहून जाऊ नयेत म्हणून मिलफर्ड ट्रॅकवरचे काही पूल चक्क काढून ठेवतात, त्यामुळे हंगामाबाहेर गेलात तर वाट नकाशात असते आणि जमिनीवर नसते.

दक्षिण अमेरिकेत हमखास फसायला होतं. खंडाच्या दक्षिण टोकाच्या पातागोनियाचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तेव्हा पेरूतल्या कुस्कोकडे पावसाळा. तिथला कोरडा काळ मे ते सप्टेंबर, आणि तेव्हा पातागोनियात हिवाळा. "एकाच फेरीत दोन्ही उरकू" म्हणणाऱ्यांनी कशावर तरी पाणी सोडावं लागेल, किंवा मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर असा तडजोडीचा काळ निवडावा.

काही ठिकाणी हंगाम कायद्यानेच ठरलेला असतो. नामिबियाची फिश रिव्हर कॅन्यन (सुमारे ८५ किमी) फक्त १ मे ते १५ सप्टेंबर खुली असते, कारण एरवी त्या दरीत उन्हाने माणूस मरू शकतो. उतरण्याआधी डॉक्टरचं प्रमाणपत्रही मागतात.

आणि चांगला महिना म्हणजे चांगलं हवामान, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. १४ ऑक्टोबर २०१४ला, म्हणजे नेपाळच्या ऐन हंगामात, हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष हिमालयावर येऊन आदळले. अन्नपूर्णा फेरीतल्या थोरोंग ला (५४१६ मी.) खिंडीत आणि आसपास हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. वादळ दोन दिवस आधीच बंगालच्या उपसागरातून किनाऱ्यावर आलं होतं. दूरच्या समुद्रातल्या बातम्या डोंगरात जाणाऱ्यानेही वाचायच्या असतात.

दिवसाला किती चालता येईल, हे कसं काढायचं?

किलोमीटरमध्ये विचार करू नका, तासांत करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये मांडलेला हिशोब अजून उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १५ किमी अंतर आणि १२०० मीटर चढ असेल तर पाच तास. हा न थांबणाऱ्या, हलक्या, धडधाकट माणसाचा हिशोब आहे. मी त्यात निम्मी भर घालते, आणि उतारावर घसारा असेल तर आणखी. उतार चढापेक्षा लवकर होतो हा गैरसमज गुडघे लवकरच दूर करतात.

विरळ हवेचा त्रास मला होईल का?

आधी सांगता येत नाही. तुम्ही रोज धावत असाल, तरुण असाल, गेल्या वेळी काही झालं नसेल, यातलं काहीही हमी देत नाही. उलट तगडे लोक भराभर चढतात म्हणून जास्त अडकतात.

साधारण २५०० मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन. शरीर जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात. म्हणून नियम झोपायच्या उंचीचा आहे: ३००० मीटरच्या वर गेल्यावर एका दिवसात झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढा. दिवसा वर जाऊन या, खुशाल, झोपायला खाली या. खुंबूत लोक नामचेला (३४४० मी.) आणि पुढे दिंगबोचेला (४४१० मी.) दोन-दोन रात्री राहतात ते याचसाठी, हौस म्हणून नाही.

आता किलिमांजारोचा हिशोब मांडून बघा. पाच दिवसांत वर जाऊन खाली यायचं म्हटलं तर हा नियम कागदावरही पाळता येत नाही. तिथे स्वस्त म्हणून विकली जाणारी सहल म्हणजे कमी दिवसांची सहल, आणि कमी दिवस म्हणजे शिखराच्या रात्री ओकत बसणं. सात-आठ दिवसांची वाट घ्या. कुस्कोत (३४०० मी.) विमानाने थेट उतरणाऱ्यांनाही पहिले दोन दिवस डोकं धरून बसावं लागू शकतं, तेव्हा ते दिवस मोकळे ठेवूनच पुढचं आरक्षण करा.

डोकं दुखतंय, जेवण नकोसं झालंय, मळमळतंय, झोप येत नाही, तर ते विरळ हवेमुळेच आहे असं धरून चाला आणि वर चढणं थांबवा. "पित्त झालं असेल" ही पळवाट मी खूप ऐकली आहे. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज येते आहे. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला फेसाळ होत असेल, तर फुप्फुसात पाणी भरतं आहे. दोन्हींत उपाय एकच, तत्काळ खाली, रात्र असली तरी. सकाळची वाट बघायची नाही. असेटाझोलामाइडची गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण ती निघण्याआधी डॉक्टरला विचारून घ्यायची, आणि ती घेतली म्हणून दिवस कमी करायचे नाहीत.

तंबू कुठेही ठोकता येतो का?

स्वीडन आणि नॉर्वेत जवळजवळ हो. तिथे निसर्गात मोकळं फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. नॉर्वेत वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर राहायचं आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं तर मालकाला विचारायचं. स्कॉटलंडने २००३च्या कायद्याने असाच हक्क दिला, तरी लॉक लोमंड तळ्याच्या काठाच्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, आणि वेस्ट हायलंड वे नेमकी तिथूनच जाते. इंग्लंडमध्ये मात्र हा हक्क नाही, अपवाद डार्टमूरच्या माळरानाचा. तिथला हक्क २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकला.

माँ ब्लाँभोवती तीन देशांचे तीन नियम आहेत, तेव्हा खिंड ओलांडली की नियमही ओलांडला समजा. तिथे झोपडीत राहणार असाल तर सोबत अस्तराची हलकी चादरपिशवी ठेवा, ती बऱ्याच ठिकाणी सक्तीची असते, आणि रोख पैसे ठेवा.

सॅकचं वजन किती असावं?

पाणी आणि खाणं सोडून आठ-नऊ किलो. तंबू नसेल तर सहा. "असू दे, लागलं तर" या वाक्याने सॅकमध्ये शिरलेली प्रत्येक वस्तू पहिल्या चढावर बाहेर काढा.

बूट कोणते?

जे आधीच झिजायला लागले आहेत ते. नवा बूट घेऊन लांब वाटेवर जाऊ नका, एवढंच.

विमानात काय अडतं?

गॅसचे डबे कुठल्याच सामानात नेता येत नाहीत, ते तिथे पोहोचून घ्यायचे. घेताना स्टोव्हचे आटे आणि डब्याचं तोंड जुळतं का बघा, फ्रान्समध्ये आट्यांऐवजी वेगळ्या खटक्याचे डबेही असतात. वापरलेला स्टोव्ह धुऊन, वास घालवून न्या. पॉवर बँक हातातल्या सामानात, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची. चालायच्या काठ्या मोठ्या सामानात.

न्यूझीलंडला उतरताना बुटांच्या तळव्याची माती नीट खरवडलेली हवी, आणि बूट व तंबू वापरलेले आहेत हे फॉर्मवर लिहायचं. लपवलंत तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. त्यांचा मुद्दा बरोबर आहे: तिथे कौरीची प्रचंड झाडं मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरताहेत आणि तो रोग चालणाऱ्यांच्या बुटांतूनही फिरतो.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं सगळ्या देशांत चालत नाहीत. भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे आणि त्यासाठी विमानतळांवर परदेशी पाहुण्यांना पोलीस ठाण्यात बसावं लागलेलं आहे. ज्या ज्या देशातून जाणार, तिथला नियम आधी पाहा.

वाट चुकू नये म्हणून काय करावं?

फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा, कागदाचा नकाशा जवळ ठेवा आणि दोन्ही वापरता येतात याची खात्री घराजवळच करून घ्या. हे सगळे सांगतात. मला सांगायचं आहे ते खुणांविषयी, कारण प्रत्येक देशाची लिपी वेगळी.

फ्रान्समध्ये लांब वाटांवर पांढरा-लाल पट्टा असतो, आणि त्याच दोन रंगांची फुली दिसली तर अर्थ "इकडे नाही". ही फुली न कळल्याने लोक आनंदाने तिच्या मागे जातात. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला की समजा पुढे दोर, हिमनदी किंवा कातळावर हात टेकणं आहे. नॉर्वेत दगडांवर लाल टी काढलेला असतो. दगडांच्या उतरंडी सगळीकडे असतात, पण त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण हौशी पर्यटक फोटोसाठी त्या कुठेही रचतात. आणि ढोरवाट जगात सगळीकडे सारखीच: सुरुवातीला राजमार्ग, मग दोन फाटे, मग चार, मग झुडूप.

दक्षिण गोलार्धात दोन गोष्टी उलट होतात. दुपारी सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेला दिशेचा अंदाज दगा देतो. पातागोनियात मी पहिल्या दिवशी नकाशा तीनदा फिरवून बघितला होता, शेवटी चूक माझ्या सावलीच्या हिशोबात निघाली. आणि होकायंत्र. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तरेकडे नाही, खालीही ओढतं, आणि ही ओढ गोलार्धागणिक बदलते. उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई दक्षिणेत एका बाजूने झुकून डबीला घासते आणि अडकते. सगळीकडे चालणारी सुई वेगळी मिळते. घेताना विचारा.

चकवा लागलाच तर चालत राहू नका. शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथे परत जा. पाचशे मीटर मागे जायचा कंटाळा हा बहुतेक शोधमोहिमांचा उगम असतो.

संकटात हाक कशी मारायची?

डोंगरातली आंतरराष्ट्रीय खूण: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. युरोपात ११२, अमेरिकेत ९११, न्यूझीलंडमध्ये १११. शिट्टी सॅकच्या तळाशी नको, खांद्याच्या पट्ट्याला हवी.

ओढ्याचं पाणी पिता येतं का?

गाळून किंवा उकळून. खळखळ उकळी एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. चालणारे वापरतात ते बहुतेक फिल्टर जिवाणू अडवतात, विषाणू त्यातून निसटतात, म्हणून वरच्या अंगाला वस्ती असेल तर गाळल्यावर गोळीही टाका. थंडीत फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घ्या. तो एकदा गोठला की आतल्या नळ्या फुटतात, आणि वाईट म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही. मला ते चार दिवसांनी पोटाने सांगितलं.

नदी ओलांडायची वेळ आली तर?

पाणी गढूळ असेल, आतून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर थांबा. डोंगरातला पूर जसा चढतो तसाच काही तासांत उतरतो. न्यूझीलंडच्या 'ते आराओरा' नावाच्या ३००० किमी लांब वाटेत राकाया आणि रांगिताता या दोन नद्या अधिकृत वाटेत धरलेल्याच नाहीत. तिथे गाडीने वळसा घालून पलीकडे जायचं, आणि त्याने कुणाची चाल अपुरी ठरत नाही. ऑटर ट्रेलवर ब्लाउक्रान्स नदीचं मुख ओहोटीला ओलांडतात, तेव्हा त्या दिवशी निघायची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक ठरवतं. कधी कधी पहाटे तीनला.

बाईने एकटीने जावं का?

मी जाते. वाटेवर मला क्वचितच भीती वाटली आहे. भीती वाटते ती वाटेपर्यंत पोहोचताना: अनोळखी गावात रात्री अकराला उतरणारी बस, शेवटच्या तीस किलोमीटरसाठी मिळालेली एकट्या माणसाची गाडी. म्हणून माझा पैसा मी तिथे खर्च करते. दिवसा पोहोचणारं तिकीट महाग असलं तरी घेते, पहिल्या रात्रीची जागा आधी ठरवते, आणि "एकटीच आहेस का?" याला "मैत्रीण मागून येते आहे" असं न अडखळता सांगते. तंबू रस्त्याला लागून कधीच नाही. रस्त्यावरून दिसू नये इतका आत, नाहीतर माणसं असतील तिथे.

पुरुषांनी एकट्याने जावं का, असं मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही. पाय मुरगळायला तेही मोकळे असतात.

जनावरांचं काय?

लोक अस्वलाला घाबरतात आणि कुत्र्याकडे दुर्लक्ष करतात. उत्तर अमेरिकेत अस्वलांच्या मुलखात खाणं, टूथपेस्ट, साबण सगळं तंबूपासून लांब, आणि कॅलिफोर्नियाच्या सिएरा भागात पुष्कळ ठिकाणी अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यातच ठेवायचं, तो नियम आहे. पण काकेशस, तुर्कस्तान, रोमानिया इथली मेंढ्यांची राखण करणारी कुत्री जास्त वेळा आडवी येतात. कळपाला लांबून वळसा घाला, पळू नका, मेंढपाळाला हाक द्या. चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनाची सोय शोधा, ट्रेक तिथे संपला.

गोचीड मात्र आवाज करत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेत तिच्यातून लाइम रोग होतो. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत बघायचं.

व्हिसा आणि लशींमध्ये लोक कुठे चुकतात?

युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस राहता येतं, आणि आल्प्स, कामिनो, नॉर्वे सगळं त्याच खात्यात जमा होतं. दुसऱ्या देशात गेलं की मोजणी नव्याने सुरू होत नाही.

पिवळ्या तापाची लस "मी जाणार त्या देशात ताप नाही" म्हणून टाळतात. पण प्रमाणपत्र बहुधा तुम्ही कुठून आलात यावर मागतात. सिमिएन करून टांझानियाला उतरलात तर दाखवावं लागतं. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६पासून आयुष्यभर चालतं.

विमा घेताना काय बघायचं?

उंचीची मर्यादा. साध्या प्रवास विम्यात ती अनेकदा इतकी कमी असते की नामचेच्या पुढे तुम्ही विम्याबाहेर जाता. हेलिकॉप्टरचा खर्च धरला आहे का, आणि बोलावण्याआधी कंपनीला फोन करणं सक्तीचं आहे का, हेही वाचा. तो नंबर कागदावर लिहून ठेवा.

शेकोटी पेटवू का?

तोरेस देल पाइनेत २००५मध्ये एका प्रवाशाचा स्टोव्ह कलंडला आणि सुमारे १५ हजार हेक्टर जळाले. २०११च्या डिसेंबरअखेर पुन्हा आग लागली, सुमारे १७ हजार हेक्टर. त्या वेळी ठपका आला तो शौचाचा कागद जाळण्यावर. दोन्ही वेळा जाळणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, वारा होता. तिथे आता उघड्या आगीला पूर्ण बंदी आहे. कागद जाळू नका, पिशवीत भरून परत आणा. शौचासाठी पाण्यापासून सत्तर पावलं लांब, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा.

मागे कधी फिरायचं?

वेळ आधी ठरवायची, वर पोहोचल्यावर नाही. मी ती निघताना हातावर पेनाने लिहिते, कारण दुपारी एकची मी सकाळी सहाच्या माझं ऐकत नाही.

टूर द्यु माँ ब्लाँवर शांपे गावाहून त्रिएन गावाला जायला फनेत्र दार्पेत (२६६५ मी.) ही उंचावरची पर्यायी वाट आहे. जुलैचा पहिला आठवडा, निरभ्र सकाळ. खिंडीच्या खाली शेवटच्या उतारावर बर्फाचा कडक पट्टा होता, वर दोघं जण जाताना दिसत होते आणि माझ्या बुटांना बर्फात रुतणारे लोखंडी काटे नव्हते. पंधरा मिनिटं मी तिथे उभी होते, बर्फाकडे कमी आणि त्या दोघांकडे जास्त बघत. मग फिरले, शांपेला परत आले आणि दुसऱ्या दिवशी बोव्हीनच्या कुरणांवरून, गाईंच्या घंटा ऐकत, नेहमीच्या वाटेने गेले. त्या दोघांना काही झालं नाही, ते संध्याकाळी त्रिएनला पोहोचले असणार. याचा मला अजूनही थोडा राग येतो.

सातही खंडांवर चालता येईल का?

सहांवर, हो. अंटार्क्टिकावर सॅक घेऊन एकट्याने निघता येत नाही. १९९१च्या पर्यावरण करारानुसार कुठल्या तरी सदस्य देशाची परवानगी लागते, आणि बहुतेक लोक जहाजातून उतरून किनाऱ्यावर तास-दोन तास फिरतात. एका वेळी किनाऱ्यावर शंभर पाहुणे, पेंग्विनपासून पाच मीटर दूर. त्याला ट्रेक म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

घरच्यांना काय सांगून जावं?

एका माणसाला, घाबरट नसलेल्या, कागद द्या: वाट, मुक्कामांच्या तारखा, तंबूचा रंग, पासपोर्टची प्रत, विम्याचा नंबर. त्यावर एक तारीख आणि वेळ लिहा, "तोवर माझा निरोप आला नाही तर या नंबरला फोन कर." रोज फोन करीन असं वचन देऊ नका, एक दिवस रेंज गेली की घरी रडारड. आणि खाली उतरल्यावर आंघोळ, जेवण, बूट काढणं या सगळ्याच्या आधी त्या माणसाला कळवा. माझ्याकडून एकदा राहिलं. मी गरम पाण्यात पाय सोडून बसले होते आणि दरीत माझा शोध घ्यायला दोन माणसं निघण्याच्या तयारीत होती.